सबक ऐकणारे घर

विदर्भातील शाळा उन्हामुळे उर्वरित महाराष्ट्रापेक्षा थोड्या उशिरा, जूनच्या शेवटच्या आठवड्यात उघडतात. त्या दिवसांत आमच्या लाखनी परिसरात शेतकऱ्याला धानाचे परे टाकण्याची घाई असते आणि घराघरांत दप्तर, गणवेश, वह्यांची. गेल्या काही वर्षांत या यादीत आणखी एका खर्चाची भर पडली आहे. तो खर्च म्हणजे ट्यूशन. पूर्वी दहावीच्या मुलाला ट्यूशन लावत असत. आता पहिलीत नाव घातल्यावर पंधरा दिवस होत नाहीत तोच आई विचारते, "ट्यूशन कोणाकडे लावू?" मुलाला अजून पेन्सिलही नीट धरता येत नसते.

विचारणाऱ्या आईला दोष देण्यात अर्थ नाही. अब्बू गॅरेजवर, ट्रकवर नाहीतर बाजारात असतात. अम्मी शिलाई मशीनवर बसलेली असते किंवा विड्या वळत असते. त्यातून दोन तास मोकळे मिळतात, मूल रस्त्यावर भटकत नाही, हेही ट्यूशनचे एक कारण असते. पण सर्वांत मोठे कारण वेगळेच आहे आणि ते पालकसभेत हळू आवाजात सांगितले जाते: "आम्ही शिकलेलो नाही. आम्ही काय अभ्यास घेणार?"

हा लेख त्या एका वाक्यासाठी आहे. प्राथमिक शाळेतल्या मुलाचा अभ्यास घ्यायला शिकलेले असावे लागत नाही. रोज थोडा वेळ त्याच्याजवळ बसून त्याचे ऐकावे लागते. आणि ऐकण्याची ही रीत आपल्या घरांना नवी नाही.

मुलाचा दिवस मोजून पाहा

सात-आठ वर्षांच्या एका मुलाचा दिवस कागदावर मांडा. सकाळी अरबी किंवा मकतब, मग शाळा. शाळेतून आल्यावर दोन घास खाऊन ट्यूशन, घरी आल्यावर जेवण, थोडा मोबाईल आणि झोप. या दिवसात मूल तीन वेगवेगळ्या शिक्षकांसमोर बसते. तिन्ही ठिकाणी कोणीतरी सांगते आणि ते ऐकते किंवा उतरवून घेते. आज काय शिकलो, हे पुस्तक बंद करून स्वतःशी आठवून पाहण्याची वेळ त्याच्या दिवसात एकदाही येत नाही. शिकवणारे वाढले, शिकणे मात्र तेवढेच राहिले, असे अनेक मुलांचे होते.

ट्यूशनची ओढ केवळ आपल्याकडे आहे असे नाही. 'असर' या नावाने ग्रामीण भारतातल्या मुलांच्या शिक्षणाची पाहणी होते. तिच्यानुसार पहिली ते आठवीतील पैसे देऊन ट्यूशनला जाणाऱ्या मुलांचे प्रमाण २०१८ मध्ये २६.४ टक्के होते. २०२२ मध्ये ते ३०.५ टक्के झाले. बिहार आणि पश्चिम बंगालमध्ये तर ते सत्तर टक्क्यांच्या वर आहे. त्याच पाहणीत तिसरीच्या वर्गातली दुसरीचा मजकूर वाचू शकणारी मुले २०१८ मध्ये २७.३ टक्के होती, २०२२ मध्ये २०.५ टक्के आणि २०२४ मध्ये २७.१ टक्के. मधली घसरण कोरोनातल्या बंद शाळांमुळे झाली, तिचा दोष ट्यूशनवर टाकता येणार नाही. पण तिसरीच्या दर चार मुलांपैकी जेमतेम एकाला नीट वाचता येते, ही गोष्ट प्रत्येक आई-वडिलांनी लक्षात ठेवावी. आपल्या मुलाला वाचता येते की फक्त धडा पाठ आहे, हे आधी पाहायला हवे.

शासनाची अपेक्षा काय आहे?

५ जुलै २०२१ रोजी केंद्र सरकारने 'निपुण भारत' अभियान सुरू केले. तिसरी संपेपर्यंत प्रत्येक मुलाला समजून वाचता यावे आणि साधे गणित करता यावे, हा त्याचा उद्देश आहे. त्यात तिसरीच्या मुलाने अनोळखी मजकूर मिनिटाला किमान ६० शब्द या गतीने, अर्थ समजून वाचावा, अशी अपेक्षा आहे. संख्यांच्या बाबतीत पहिलीत ९९ पर्यंत, दुसरीत ९९९ पर्यंत आणि तिसरीत ९९९९ पर्यंत वाचता-लिहिता यावे, असे म्हटले आहे. घड्याळ लावून ही तपासणी घरीच करता येते. धडा मात्र न शिकवलेला घ्यावा, म्हणजे पाठांतराची भुरळ पडणार नाही.

गृहपाठाबद्दलही स्पष्ट सूचना आहेत. केंद्राच्या २०२० च्या शालेय दप्तर धोरणानुसार दुसरीपर्यंत गृहपाठ देऊ नये आणि तिसरी ते पाचवीत तो आठवड्याला जास्तीत जास्त दोन तासांचा असावा. सहा दिवसांत वाटला तर दिवसाला वीस मिनिटे होतात. वीस मिनिटांच्या गृहपाठासाठी दीड-दोन तासांची ट्यूशन कशाला लागते, हा प्रश्न स्वतःला विचारून पाहावा.

आणखी एक गोष्ट अनेक पालकांना ठाऊक नसते. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. त्याच्या कलम २८ प्रमाणे शाळेतल्या शिक्षकाला खासगी शिकवणी घेण्यास मनाई आहे. म्हणून "वर्गशिक्षकांकडेच ट्यूशन लावली तर मार्क चांगले मिळतील" असा विचार मनातून काढून टाकावा. मुलाला वर्गात समजले नाही, तर शाळेतच जाऊन विचारण्याचा आपला हक्क आहे. त्याचे पैसे लागत नाहीत.

बद्रच्या कैद्यांची शिकवणी

शिकवणी मुळातच वाईट, असे मी म्हणणार नाही. सीरतच्या पुस्तकांत बद्रच्या लढाईनंतरची, हिजरी सन २ मधली एक घटना येते. कैद्यांपैकी काहींजवळ सुटकेसाठी द्यायला रक्कम नव्हती, पण त्यांना लिहिता-वाचता येत होते. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी त्यांची खंडणी अशी ठरवली की त्यांनी मदीनेतल्या मुलांना लिहायला शिकवावे. एका कैद्याने दहा मुले शिकवावीत, असे वर्णन आढळते. मुले शिकली की कैदी मोकळा.

यात आजच्या पालकांनी ध्यानात घ्यावे असे काही आहे. शिकवणाऱ्याने किती तास घालवले, किती वह्या भरवल्या, हे तिथे मोजले गेले नाही. मुले लिहायला शिकली का, हेच पाहिले गेले. आपण मात्र महिन्याची फी भरतो, वही भरलेली पाहतो आणि समाधान मानतो. वही भरणे आणि मूल शिकणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

हाफिज कसा घडतो?

आपल्या वस्तीतला एखादा मुलगा हिफ्ज करत असेल तर त्याच्या उस्तादांची पद्धत पाहा. तिचे तीन भाग असतात. रोज थोडा नवा पाठ, तो सबक. गेल्या काही दिवसांत झालेले पाठ पुन्हा म्हणून दाखवणे, ती सबकी. आणि फार पूर्वी पाठ केलेले पारे ठरलेल्या क्रमाने फिरवत राहणे, ती मंजिल. काही ठिकाणी तिला आमोख्ता म्हणतात. नवा सबक कितीही चांगला आला तरी सबकी आणि मंजिल सुटत नाही. सगळे न पाहता म्हणून दाखवायचे असते. मुसहफ उस्तादांच्या हातात, मुलाच्या नाही. अडले की उस्ताद एक शब्द सुचवतात आणि गाडी पुढे जाते.

अनेक शतकांपासून चालत आलेल्या या पद्धतीशी मानसशास्त्राचे निष्कर्ष चांगले जुळतात. हर्मन एबिंगहाऊस या जर्मन अभ्यासकाने निरर्थक अक्षरे पाठ करून स्वतःवरच प्रयोग केले आणि ते १८८५ मध्ये प्रसिद्ध केले. पाठ केलेले पहिल्या काही तासांत आणि दिवसांत सर्वाधिक वेगाने विसरते, मग विसरण्याचा वेग कमी होतो, असे त्याला आढळले. थोड्या-थोड्या दिवसांनी केलेली उजळणी एका बैठकीतल्या घोकंपट्टीपेक्षा जास्त उपयोगी पडते, हेही त्याच्या प्रयोगांतून पुढे आले.

२००६ मध्ये अमेरिकेतल्या रोडिगर आणि कार्पिक या दोघांनी महाविद्यालयीन विद्यार्थ्यांवर आणखी एक प्रयोग केला. काहींनी उतारा पुन्हा पुन्हा वाचला. काहींनी एकदा वाचून मग न पाहता आठवेल तेवढे लिहून काढले. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली तेव्हा आठवून लिहिणारे बरेच पुढे गेले. पुन्हा पुन्हा वाचले की आपल्याला येते असे वाटते; न पाहता सांगायला गेले की खरे कळते. सबक ऐकवण्यात हेच होत असते.

शाळेच्या अभ्यासाला हीच रीत लावा

मगरिब ते इशा ही वेळ आपल्या घरांत बहुधा ठरलेली असते. अजान झाली की बाहेरचे घरात येतात. त्यातली चाळीस मिनिटे काढा. पहिली-दुसरीच्या मुलाला वीसच पुरेत, म्हणजे खाली दिलेला प्रत्येक भाग निम्मा करावा. मोबाईल आणि टीव्ही तेवढा वेळ पूर्ण बंद. फक्त मुलाचा नव्हे, घरातल्या सगळ्यांचा.

पहिली दहा मिनिटे सबक. पुस्तक बंद ठेवून मुलाला विचारा, "आज मराठीत काय झाले? गणितात काय झाले?" त्याने आपल्या शब्दांत सांगायचे. अडले तर पुस्तक उघडून पाहायचे, पुन्हा बंद करून सांगायचे.

पुढची दहा मिनिटे सबकी. गेल्या तीन-चार दिवसांतले पाच शब्द न पाहता लिहायचे, त्या दिवसांतली चार गणिते पुन्हा सोडवायची. तीच गणिते चालतील, फक्त जुनी वही झाकलेली हवी.

नंतरची दहा मिनिटे मंजिल. गेल्या महिन्यातला धडा, जुना पाढा, मागच्या इयत्तेतली वजाबाकी. सोमवारी पाढे, मंगळवारी जुना धडा, असा आठवड्याचा क्रम कागदावर लिहून भिंतीला लावावा. आपली मुले बहुतेक इथेच कमी पडतात. चौथीत भागाकार येत नाही, त्याचे कारण पुष्कळदा दुसरीतला पाढा विसरलेला असतो.

शेवटची दहा मिनिटे मोठ्याने वाचन. धडा, गोष्टीचे पुस्तक, हेच मासिक, काहीही. बालभारतीची मराठी आणि उर्दू दोन्ही माध्यमांची पुस्तके संकेतस्थळावरून विनामूल्य मिळतात, तेव्हा वाचायला काही नाही असे होणार नाही.

शाळेचा गृहपाठ यापेक्षा वेगळा. तो शाळेतून आल्यावर, खेळून झाल्यावर मुलाने स्वतः करावा. चुकला तर चुकू द्यावा. गृहपाठात आईचे अक्षर दिसले की शिक्षकाला मुलाची अडचण कळतच नाही.

न शिकलेली आई काय करू शकते?

आता त्या हळू आवाजातल्या वाक्याकडे येऊ. अम्मीला वाचता येत नसेल, तर मूल बरोबर सांगते की चूक, हे तिला कसे कळणार?

सगळे कळणार नाही, पण बरेच कळते. ज्याला येते ते मूल सलग सांगते. ज्याला येत नाही ते थांबते, छताकडे पाहते, तेच वाक्य दोनदा म्हणते. हे ओळखायला पदवी लागत नाही. तीन प्रश्न पुरतात: "असे का?", "दुसरे उदाहरण दे," आणि "मला समजेल असे सांग." तिसरा प्रश्न सर्वांत उपयोगी. न शिकलेल्या आईला समजावून सांगताना मुलाला आपले शब्द शोधावे लागतात, आणि तिथेच पाठांतर आणि समज वेगळे होतात. आईला खरोखर येत नाही, ही इथे अडचण राहत नाही, उलट तिचा उपयोग होतो.

जिथे मूल अडले तिथे पुस्तकात पेन्सिलने खूण करायची. दुसऱ्या दिवशी ती खूण शाळेत दाखवायची: "इथे अडते." शिक्षक म्हणून सांगते, "पोराकडे लक्ष द्या" या विनंतीपेक्षा ही एक खूण मला कितीतरी जास्त सांगते. कोणत्या जागी हात धरायचा ते लगेच कळते.

गणित तर घरात भरलेलेच आहे. चिंचोके दहा-दहाच्या ढिगांत मांडले की एकक-दशक दिसते. पन्नासची नोट घेऊन अठरा रुपयांचे सामान आणले, परत किती आले? मुलाला दुकानात पाठवा आणि आल्यावर हिशेब ऐका.

उनहत्तर की एकोणसत्तर?

आपल्या घरांची एक वेगळी अडचण आहे. घरी उर्दू किंवा हिंदी बोलतो, शाळा मराठी किंवा उर्दू, गल्लीत झाडीबोली आणि ट्यूशनमध्ये इंग्रजी पाढे. ६९ ही एकच संख्या मूल घरी 'उनहत्तर', शाळेत 'एकोणसत्तर' आणि ट्यूशनमध्ये 'सिक्स्टी नाईन' अशी ऐकते. 'उनहत्तर'मध्ये शेवटी 'हत्तर' ऐकू येते, 'एकोणसत्तर'मध्ये 'सत्तर'. मग मूल ७९ लिहून मोकळे होते आणि आपण त्याला गणितात कच्चे ठरवतो. कच्चे असते ते संख्येचे नाव.

ही अडचण फक्त आपल्या मुलांची नाही. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात पंचवीससाठी 'वीस पाच' असेही वाचन दिले होते, त्यावर राज्यभर वाद झाला. समितीच्या अध्यक्ष, गणितज्ञ डॉ. मंगला नारळीकर यांचे म्हणणे होते की मराठी संख्यानामांतली जोडाक्षरे आणि उलटा क्रम लहान मुलांना अवघड जातो. ते पटो न पटो, अडचण खरी आहे. घरी उपाय सोपा आहे: संख्या बोलताना शेजारी दशकांचे ढीग मांडावेत आणि दोन्ही नावे एकत्र म्हणावीत. "सहा ढीग, नऊ सुटे. एकोणसत्तर म्हणजे उनहत्तर."

धड्याचेही तसेच. मराठी धडा मुलाने उर्दूत समजावून सांगितला तर त्याला थांबवू नका. शिकवण्याचे माध्यम शक्यतोवर मुलाची मातृभाषा असावी, असे शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २९ मध्येही म्हटले आहे. अर्थ आधी घरच्या भाषेत पक्का होऊ द्या, मग मराठी शब्द त्यावर चढतात.

मग ट्यूशन कधी लावावी?

लावावी लागते, अशी घरेही आहेत. मूल वाचनात वर्ष-दोन वर्षे मागे पडले असेल, दीर्घ आजारात शाळा बुडाली असेल, माध्यम बदलले असेल, घरात संध्याकाळी कोणीच नसेल, तर चांगली ट्यूशन मोठा आधार देते. आपल्या वस्त्यांत घरी शिकवणाऱ्या बहुतेक आपल्याच मुली आहेत. डीएड, बीएड झालेल्या, नोकरीची वाट पाहणाऱ्या. त्यांच्या मेहनतीचा मान राखूनच काही गोष्टी पालकांनी विचाराव्यात.

एका वेळी किती मुले बसतात? सगळ्या इयत्ता एकत्र असतील तर प्रत्येकाच्या वाट्याला किती वेळ येतो? आपल्या मुलाला नेमके काय येत नाही, हे शिकवणारीला सांगता येते का? वहीतली उत्तरे मुलाची आहेत की फळ्यावरून उतरवलेली? आणि शेवटी: तीन महिन्यांनी मुलाला कोणती गोष्ट एकट्याने करता येईल? मुदत ठरवून लावावी, मुदत संपल्यावर मुलाला एकटे बसवून पाहावे. येत असेल तर ट्यूशन थांबवावी. शिकवणाऱ्या भगिनींनाही एक सुचवते: शेवटची दहा मिनिटे वह्या बंद करून प्रत्येकाकडून सबक ऐका.

मार आणि तुलना

अभ्यासाच्या वेळी हात उगारू नये. भ्यालेले मूल आठवत नाही, सुटका शोधते. "अमक्याची मुलगी बघ" हे वाक्यही तेच करते. मुलाची तुलना त्याच्याच मागच्या महिन्याशी करावी: तेव्हा मिनिटाला तीस शब्द वाचत होता, आता चाळीस वाचतो.

सवयीला वेळ लागतो, हे आपला दीन आपल्याला शिकवतो. नमाज बालिग झाल्यावर फर्ज होते, पण मुलाला सातव्या वर्षापासून सांगायला सुरुवात करा, अशी शिकवण हदीसमध्ये आहे. सवय लावायला वर्षे दिलेली आहेत. अल्लाहला सर्वांत प्रिय अमल तो, जो थोडा असला तरी नियमित असतो, या अर्थाची हदीस बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. कुरआनही एका दिवसात नाही, सुमारे तेवीस वर्षांत थोडा-थोडा उतरला. परीक्षेच्या आदल्या रात्री चार तास बसवण्यापेक्षा रोजची चाळीस मिनिटे म्हणूनच जास्त कामाची.

या महिन्यात सगळे एकदम सुरू करू नका. पहिला आठवडा फक्त मोबाईल बाजूला आणि दहा मिनिटांचा सबक. दुसऱ्या आठवड्यापासून वाचन, तिसऱ्यापासून सबकी, चौथ्यापासून मंजिल. रोवणीच्या, लग्नाच्या, आजारपणाच्या दिवसांत चाळीस मिनिटे जमणार नाहीत. तेव्हा पाच मिनिटांचा सबक ऐकावा, पण दिवस सोडू नये. अम्मी थकली असेल तर दादींनी ऐकावा, अब्बूंनी ऐकावा, मोठ्या बहिणीने ऐकावा. महिन्याअखेर न शिकवलेल्या धड्यातले एक पान काढून मुलाला वाचायला सांगा आणि घड्याळ लावून शब्द मोजा. तो आकडा भिंतीवरच्या कागदावर तारखेसह लिहून ठेवा. ट्यूशन लावायची की नाही, हे त्या आकड्याकडे पाहून ठरवा.

अल्लाह आपल्या मुलांच्या इल्ममध्ये बरकत देवो. आमीन.